चार्जिंगची झोप

गाडी चार्जिंगला लागली की नमिताला झोप लागायची, आणि झोप लागली की मिठागर दिसायचं.

दरवेळी तेच. पांढरं, डोळ्यांत घुसणारं. पाण्याचे चौकोन, आणि दोन चौकोनांमधल्या बारक्या बांधावरून चाललेली आई. डोक्यावर मिठाचं टोपलं, पाय गुडघ्यापर्यंत पांढरे. नमिता हाक मारायची. आई वळायची नाही, पण थांबायची. बस, एवढंच. टोपल्यातलं खारं पाणी तिच्या मानेवर ठिबकायचं आणि कोणाला कसलीच घाई नसायची. जिवंत होती तेव्हा आई अशी थांबलेली नमिताला एकदाही आठवत नव्हती. "मिठागरात झाड नाय," आई बोलायची, "सावली पायजे तर आपलीच पायाखालची घ्यायची, आनि दुपारची ती पन पळून जाते."

मग कोणीतरी काच वाजवायचं. "ओ ताई, गन काढा, आमची लावायचीय." की गेलं मिठागर.

दसऱ्याच्या सकाळी काच नाही, फोन वाजला. दादूसचा, थोरल्या भावाचा, रूपेशचा. नमितानं डोळे न उघडताच उचलला.

"कुठं हायेस?"

"खारघरला. चार्जिंगला."

"आजच्या दिवशी पन झोपलीस? सगळ्यांच्या गाड्या आल्या प्लॉटवर, तुझीच बाकी हाय. कंपनीचा अंकुश पन आलाय."

"थोडी राह्यलीय. येते."

"बघ, ह्यालाच बोलतो मी. तीन मिनटांत बॅटरी बदलून मोकळं व्हायचं, तर तू तास घालवतेस." रूपेश हसला. हसण्यात ओल नव्हती, बरेच दिवस न झोपलेल्या माणसाचं हसणं. मग आवाज खाली आणून बोलला, "नमे, आज बाबा नारळ तुझ्या हातात देनारेत. मला लागलाय पत्ता. तू शब्द दिलायस मला."

"माहितीये दादूस."

तिनं चार्जरची गन काढली. गाडी पाव पण भरली नव्हती.

घरतांच्या घरात दसऱ्याचा नारळ म्हणजे साधं काम नव्हतं. घरातला थोरला माणूस स्वतः नारळ फोडत नाही. त्या वर्षीची जी मोठी गोष्ट अडलेली असेल ती सगळ्यांसमोर बोलून दाखवतो आणि नारळ कोणाच्या तरी हातात देतो. ज्याच्या हाती नारळ, त्याचा शब्द. फोडला तर हो. न फोडता पाटावर परत ठेवला तर नाही, आणि मग तो अख्खा नारळ पुढच्या दसऱ्यापर्यंत देवाजवळ बसतो, तोवर त्या गोष्टीला कोणी हात लावायचा नाही. त्या क्षणाला कोणी वाद घालत नाही. वाद नंतर घालतात, वर्षानुवर्षं.

नमिताचं मोरा गावात लग्न लावायचं का, हे ठरलं तेव्हा नारळ धनेशकाकाच्या हातात होता. काकानं एका फटक्यात फोडला. पाणी नमिताच्या नव्या चपलांवर उडालं होतं. ते लग्न मोडून ती परत आली तरी त्या फटक्याचा राग तिच्या डोक्यातून गेला नव्हता.

यावर्षी अडलेली गोष्ट होती प्लॉट. कामोठ्याच्या खाडीकडचा, सरकारनं जमीन घेतली त्या बदल्यात मिळालेल्यातला शेवटचा. बाकीचे सगळे विकून खाल्लेले, बंगल्यात घातलेले, लग्नांत उधळलेले. या शेवटच्यावर रूपेशला इलेक्ट्रिक गाड्यांचं बॅटरी बदलायचं स्टेशन टाकायचं होतं. गाडी यायची, मशीन खालून रिकामी बॅटरी काढणार, भरलेली बसवणार, गाडी जायची. मशीन कंपनीचं, पण बॅटऱ्यांचा साठा रूपेशनं घ्यायचा, त्यासाठी प्लॉट बँकेकडे गहाण. चाललं तर चाललं. नाही चाललं तर घरतांकडे त्यांच्या नावाचा वीतभर तुकडा राहणार नव्हता. पावसाळ्याआधीच रूपेशनं नोकरी सोडली होती. एक ॲक्रिलिकची पाटीपण बनवून घेतली होती, ती त्यानं नमिताला गणपतीत दाखवली: 'नमिता घरत, मॅनेजर'. अक्षरं निळी. "दिवसभर भाडी मारायची नाय मग तुला," तो बोलला होता, "खुर्चीत बसायचं." तेव्हाच तिनं शब्द दिला. कोण नाही देणार.

प्लॉटवर पोचली तर तिला वाटलं अजून झोपेतच आहे. ऑक्टोबरचं ऊन असं होतं की खाडीपर्यंतची सगळी जमीन हलत होती, पाण्यासारखी. पलीकडून विमान वर चढलं, इतकं हळू की वाटावं दोरीनं ओढतायत. आणि त्या हलत्या उन्हात ओळीनं उभ्या गाड्या, झेंडूनं मढलेल्या, बॉनेटवर कुंकवाची बोटं, चाकाखाली लिंबू. सगळ्या इलेक्ट्रिक.

हे कसं झालं ते पण ऐकण्यासारखं आहे. मागच्या उन्हाळ्यात भावकीतल्या एका हळदीला रूपेशनं स्टेशनची गोष्ट काढली. बेंजो थांबलेला, पोरं रंगात. एकानं उठून छातीवर हात मारला, "रूपेशदादा, तुझं स्टेशन ना? मी इलेक्ट्रिकच घेनार, तुझ्याकडंच येनार." दुसरा बसून कसा राहील. बघता बघता सगळ्या चुलतभावांनी शब्द दिला. हळदीतला शब्द म्हणजे सकाळी विसरायचा, हे सगळ्या कामोठ्याला ठाऊक. पण घरतांनी तो पाळला. एकेकानं गाडी आणली. रूपेश प्रत्येक गाडी आली की गच्चीवर जाऊन एकटाच हसायचा.

आता अंकुश त्या गाड्यांखाली होता. पुठ्ठा अंथरून एकीखालून दुसरीखाली सरकत होता, मोबाइलचा टॉर्च लावून. नुसते बूट दिसत होते. कंपनीचा इंजिनीयर, कामोठ्यातच राहणारा, घर मूळ बीडकडचं. दसरा सोडून आलेला, कारण रूपेश त्याला रोज फोन करत होता.

"आली का मॅनेजरबाय," धनेशकाका पुढं आला. पांढरा कडक शर्ट, गळ्यात साखळी, हातात आपट्याची पानं. "सोनं घे बाय. सोन्यासारखी राहा."

"सोनं घ्या काका."

काका जवळ सरकला. अत्तराचा वास आला. "बघ, मोऱ्याचं जे झालं ते झालं. माझं चुकलं बोल. पन आज तुझा-माझा पक्ष एकच हाय. तुला पन कळतंय, हे बॅटरीचं काय चालनार नाय. इथं लॉन काढू. लग्नाचा. दोन्ही बाजूला पार्किंग. त्यात तुला मॅनेजर करतो, पायजे तर."

"मला मॅनेजर करायला रांग लागलीय," नमिता बोलली. "पाटी तेवढी दादूसकडनं घ्या, खर्च वाचेल."

काका हसला, पण डोळे नाही हसले.

तिकडं सुचितावहिनी वड्यांच्या टोपाजवळ बसली होती, रूपेशची बायको. नमिताला बघून तिनं शेजारची जागा पुसली. टोपावरचं फडकं सरळ केलं, परत सरळ केलं. मग टोपाकडं बघूनच बोलली, "ताई, एक सांगू? मला पन हे खरं वाटत नाय."

"मग बोलायचंस ना त्याला."

"कोनाला बोलू? रात्री उठून बसतो. पहाटे हायवेच्या पुलावर जातो, किती इलेक्ट्रिक गाड्या गेल्या बघायला. हिरवी नंबरप्लेट दिसली की तोंड असं होतं त्याचं, पोराला फुगा दिल्यासारखं." वहिनीनं नाक ओढलं. "तुमी फोडून टाका नारळ. प्लॉट जाईल तर जाईल. तो तुटला तर मी काय करू?"

नमिताला एकदम राग आला. कोणाचा ते कळेना. सगळ्यांना आपापलं ओझं उतरवायला तिचीच मान सापडली होती. एक बोलतो ठेव, एक बोलते फोड, आणि शब्द तर ती आधीच देऊन बसलेली. ती उठली आणि बाबांकडे गेली.

धर्मराज घरत प्लॉटच्या मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, काळी छत्री उघडून. अख्ख्या प्लॉटवर तेवढीच सावली. डोळे अर्धे मिटलेले. पायाजवळ पाट, पाटावर नारळ.

"बाबा, माझ्या हातात देऊ नका."

"का?"

"मी शब्द देऊन बसलीय."

"म्हनून तर तुला देतो. ज्याचा शब्द अडकलाय त्यालाच खरं काय ते दिसतं. बाकीचे मोकळे हायत, ते कायपन बोलतील." बाबांनी छत्री थोडी तिच्यावर कलती केली. "इथं तुझी आय मीठ ओढायची, ठाऊक हाय ना? ह्याच्याच खाली हाय ते मिठागर. भराव टाकला वरून. मला अजून पांढरं दिसतं, ऊन चढलं की."

"मला पन दिसतं," नमिता बोलली.

बाबांनी विचारलं नाही कधी, कुठं. नुसतं बरं म्हणाले, जशी काय रोजची गोष्ट.

तेवढ्यात अंकुश शेवटच्या गाडीखालून बाहेर आला. केसांत झेंडूची पाकळी, शर्टाला माती. रूपेश त्याच्या पुढ्यात उभाच होता, हातात पाण्याची बाटली घेऊन. भावकी गोळा झाली. सगळ्यांच्या नजरा आपापल्या गाडीवर, लग्नात आपल्या पोराकडं असतात तशा.

"रूपेशभाऊ," अंकुशनं पाणी घेतलं, प्यायला नाही. "एकाची पण दुसऱ्याला लागत नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे नऊ गाड्या, नऊ तऱ्हेच्या बॅटऱ्या. कोणाची लांब, कोणाची चपटी, कोणाची सीटखाली वळलेली. आणि ह्यातली एकपण बदलायची म्हणून बनवलेलीच नाही. गाडीवाल्या कंपनीनं आत बंद करून टाकलीय. आपलं मशीन चालतं, पण एकसारख्या गाड्यांना. मी पहिल्या दिवशीच बोललो होतो भाऊ, गाड्या एकसारख्या लागतील. तर तुम्ही बोललात, भावकीच्या आहेत, एकसारख्याच समज."

कोणीतरी मागून फिसकन हसलं. रूपेशनं वळून बघितलं, हसू बंद झालं.

"तुमी सगळे," तो भावांना बोलला, आवाज बारीक, "तुमी एकच गाडी नाय घेऊ शकलात?"

आता भाऊ चिडले. का नाही चिडणार. शब्द पाळला, कर्ज काढलं, वर बोलणी खायची.

"ह्यानं पांढरी घेतली मग मी तीच कशी घेऊ?" एक बोलला. "लोकं काय बोलतील, घरतांच्या पोरांनी सेलमधी उचलल्या?"

"आनि मी त्याच्याहून मोठी घेतली," दुसरा बोलला, "बायको बोलली त्याच्याहून छोटी घेनार असशील तर घेऊच नको."

तिसऱ्याची समुद्रापलीकडून आलेली होती. अख्ख्या पनवेलमध्ये तसली दुसरी नाही, हे त्यानं दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना त्याला स्वतःलाच कळलं की हीच तर बोंब आहे, आणि तो गप्प झाला.

नमिता ओळीकडं बघत होती. झेंडूचे हार सगळीकडं तेच, कुंकू तेच, लिंबू एकाच टोपलीतले. आणि खाली एकासारखं दुसरं काय नाही. तिला हसू आलं, आणि दादूसकडं बघून ते गेलं. दुनियेत कुठल्या पण माणसानं अगोदर गाड्या बघितल्या असत्या. दादूसनं माणसं बघितली. एका ताटात जेवलेले, एका मांडवात नाचलेले; त्याच्या लेखी ते सगळे एकाच मापाचे होते.

"बरं, ते सोड," धनेशकाका पुढं झाला, "माझ्या बंगल्याखाली पॉइंट हाय. रात्री लावतो, सकाळी गाडी भरलेली. मी कशाला रे तुझ्याकडं येऊ? रस्त्यावर बॅटरी बदलायला ज्याला घरी बोर्ड नाय तो येनार."

"तेच येनार!" रूपेशनं तो शब्द हवेतच पकडला. "टॅक्सीवाले. एअरपोर्टला रोज एवढ्या गाड्या लागतात, त्यांना कुठला बंगला? त्यांना टाइम म्हंजे पैसा. अंकुश, टॅक्सीच्या गाड्या तर गाडीवाल्या कंपन्या एकसारख्या काढनार बोललेल्या ना?"

"काढणार बोललेत," अंकुश बोलला. "आल्या तर चालेल भाऊ. पण स्टेशन आधी पाहिजे म्हणतात गाडीवाले, आणि गाड्या आधी पाहिजेत म्हणतो आम्ही. दोन वर्षं तेच चाललंय." तो थांबला. पोरगा खोटं बोलणाऱ्यातला नव्हता, म्हणून त्याला बोलताना त्रास होत होता. "आणि चार्जिंग पण फास्ट होत चाललंय. काल तास लागायचा, उद्या चहा पिऊन होईस्तोवर होईल."

"दुसऱ्याची बॅटरी घेतली," नमितानं विचारलं, "आनि ती कमी पळाली तर?"

"परत यायचं ताई, बदलून देऊ."

"म्हंजे तुमच्याकडं गाड्यांपेक्षा बॅटऱ्या जास्त ठेवायला लागतील. नुसत्या भरून."

"लागतीलच. खरा खर्च तोच आहे. रिक्षांना जमतं, त्यांच्या छोट्या असतात, हातानं उचलून बदलतात. गाडीची चार माणसांना उचलत नाही."

"बैलासारखं झालं," बाबा खुर्चीतून बोलले. सगळे वळले. "आपला दमला, दुसऱ्याचा जुंपला. ठीक हाय. पन जो सगळ्यांचा, त्याला पेंड कोन घालनार? तो घालनारा पक्का पायजे." मग त्यांनी वाकून नारळ उचलला. "रूपेशला इथं बॅटरीचं स्टेशन टाकायचंय. बाय, ये."

नारळ हातात आला तेव्हा तो उन्हानं गरम होता, पोटाशी धरलेल्या मांजरासारखा. समोर दगड. दगडापलीकडं दादूस, आणि त्याचा चेहरा. वहिनी बोललेली तसाच. फुगा मिळायची वाट बघणारा.

विमान गेलं आणि एकदम शांत झालं. त्या शांततेत नमिताला आठवत राहिलं ते खारघरचं चार्जिंग. ओळीनं लावलेल्या टॅक्स्या. कोणी डबा उघडलेला, कोणी गावाला व्हिडिओ कॉल लावून बारक्या पोरीला दात दाखवायला सांगतोय. उस्मानचाचा सीट मागं टाकून तोंड उघडं ठेवून झोपलेला, त्याच्या पोटावर चष्मा. ॲपवाले तेवढ्यात भाडं देत नाहीत. कस्टमर फोन करत नाहीत. दिवसभरात तो एकच तास असा, की ज्यात ड्रायव्हरला कोणी विचारत नाही, कुठपर्यंत आलात.

तिनं नारळ पाटावर ठेवला. हळूच, आवाज होऊ नये म्हणून. तरी झाला.

"नमे," रूपेश बोलला.

"नाय दादूस."

"तू शब्द दिलेलास."

"दिलेला. खोटा पडला माझा."

"टॅक्सीवाल्यांचं तुला माहितीये, तू त्यांच्यातली. तू तरी सांग ह्यांना. तीन मिनटं वाचली तर—"

"मला तीन मिनटं नकोत रे." तिचा आवाज चढला, तिनं खाली आणला. "तू तास वाचवून देतोस. वाचलेल्या तासात मी काय करनार? अजून एक भाडं. मला तोच तास पायजे. दिवसभर लोकांना पोचवते. मला कोन कुठं नेत नाय. त्या तासात मी जाते."

"कुठं जातेस?"

"झोपते," ती बोलली. बाकीचं सगळ्यांसमोर बोलायचं नव्हतं.

रूपेश हसला तसं काहीतरी केलं. मग जे बोलू नये ते बोलला. "मोऱ्यावरनं बॅग घेऊन आलीस, रात्री, पावसात. दार कोनी उघडलं? काकानं? बाबा पन गप होते. कोनी उघडलं?"

"तू उघडलंस," नमिता बोलली. "म्हनून तर ठेवला नारळ. दुसरा कोन असता तर फोडून टाकला असता, मला काय."

वहिनीनं तोंडाला पदर लावला. मग धनेशकाकानं घसा साफ केला आणि त्याच्या शर्टासारखा कडक हसला. "पोरीनं शानपना केला. मग आता लॉनचं—"

"काका," नमिता त्याच्याकडं न बघता बोलली, "नारळ फुटला नाय. फुटला नाय म्हंजे कोनाचाच नाय. पुढच्या दसऱ्यापर्यंत प्लॉटला हात लावायचा नाय. नियम तुमीच शिकवलाय, माझ्या लग्नात."

काकाच्या हातातली आपट्याची पानं तशीच राहिली, अर्धी पुढं केलेली. दहा मिनिटांपूर्वी पक्षात घेतलेली पुतणी एवढ्यात पक्षाबाहेर गेली, हे त्याला पचायला वेळ लागला. बाबांनी डोळे पूर्ण मिटले. हसत होते की काय, छत्रीखाली कळलं नाही.

रूपेश निघाला, पण जाणार कुठं. चारी बाजूला भावकी आणि भावकीच्या गाड्या. तो नमिताच्या गाडीजवळ गेला, पुढचं दार उघडलं, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसला आणि दार ओढून घेतलं.

मग लोकांनी तेच केलं जे लोक करतात. वडे खाल्ले. एकमेकांना सोनं दिलं. अंकुश बाबांच्या पाया पडला, नमिताला बोलला, "ताई, माझं टार्गेट घालवलंत," आणि वर बोलला, "बरं केलंत." एकेक गाडी हार हलवत, आवाज न करता निघाली, त्या गाड्यांना आवाजच नसतो, लिंबू चिरडल्याचा तेवढा आला.

नमिता गाडीत बसली. स्क्रीन लाल झालेली. सकाळी अर्ध्यातच गन काढली, वर कामोठ्यापर्यंत एसी लावून आली, त्याचा हा प्रसाद. प्लॉटच्या कोपऱ्यात बोअरिंगच्या पंपाची खोली होती, तिच्यात विजेचा बोर्ड होता, साधा. तिनं डिकीतली लांब वायर काढली, खोलीपर्यंत नेली, लावली. बारका हिरवा दिवा पेटला.

"घरी कसं जायचं?" रूपेश समोर बघत बोलला.

"होईल तेवढी होऊ दे."

"किती वेळ?"

"हळू होते ह्याच्यावर." तिनं त्याच्या सीटकडं बोट दाखवलं. "खटका हाय बाजूला. मागं जाते सीट."

"मला झोप येत नाय."

"झोप नको. नुसता मागं हो."

तो मागं झाला. थोडा वेळ छताकडं बघत राहिला. "पाटी काढून टाकू?" त्यानं विचारलं. ती काय बोलायच्या आत त्याचा हात सीटवरून घसरला, आणि महिनोन् महिने हायवेच्या पुलावर उभा असलेला माणूस एका श्वासात खाली उतरला. तोंड उघडं, उस्मानचाचासारखं.

ऊन सरकत काचेवर आलं, त्याच्या डोळ्यांवर. नमिता उतरली, बाबांकडं गेली आणि त्यांच्या हातातली छत्री काढून घेतली.

"मला ऊन लागतंय," बाबा बोलले.

"लागू दे."

तिनं छत्री काचेवर उघडी धरली. बाबा खुर्ची ओढत आले आणि गाडीच्या बाजूला, जेवढी सावली उरली होती तेवढ्यात बसले. वहिनी रिकामा टोप घेऊन आली आणि तीपण बसली, टायरला टेकून. एवढ्या मोठ्या प्लॉटवर चौघं जण एका छत्रीखाली. खाडीवरून वारा आला. जमीन हलायला लागली, पांढरी पांढरी होत गेली. नमिताचा हात बदलला, पुन्हा बदलला. ऊन तिरकं झालं. तिला वाटलं बांधावरून कोणी चाललंय, पण ती विजेच्या खांबाची पडछाया होती. किंवा नव्हती.

रूपेश जागा झाला तेव्हा खाडी पिवळी पडली होती. गालावर सीटची नक्षी उठलेली. त्यानं काच खाली केली आणि छत्रीकडं बघितलं, मग सगळ्यांकडं, लहानपणी आजारातून उठल्यावर बघायचा तसं.

"आई दिसली," तो बोलला.

नमिताचा हात थांबला. "टोपलं घेऊन?"

"नाय. बसलेली."

"बसलेली?"

"सावलीत. मोठं झाड होतं, इथंच कुठंतरी. खाली टॅक्स्या लावलेल्या, सगळे झोपलेले. आई पन टेकून बसलेली झाडाला." तो विचार करत राहिला. "मिठागरात झाड कुठनं आलं?"

इतक्या वर्षांत आई नमितासाठी नुसती थांबली होती. दादूसच्या पहिल्याच झोपेत ती बसली.

रूपेश गाडीतून उतरला. अनवाणीच, दोन-चार पावलं चालून गेला, टाच जमिनीत दाबून बघितली. "बाबा, ह्या खाऱ्यात झाड येतं काय एखादं?"

"भेंडी येते, भाजीची नाय, झाडाची," बाबा बोलले. "करंज पन धरतो, पहिला पाऊस सांभाळला तर."

"पुढच्या दसऱ्यापर्यंत सावली पडेल?"

"पुढच्या नाय पडनार. त्याच्या पुढच्या पन नाय."

"आनि काका बोंबलेल. प्लॉटला हात लावायचा नाय बोललीय ही."

बाबांनी पाटावरचा नारळ उचलून मांडीवर घेतला, त्याची शेंडी सारखी केली. "झाड लावायला नारळ लागत नाय," ते बोलले.

रूपेश परत येऊन सीटवर टेकला. पाय बाहेरच, मातीत. वहिनीनं त्याच्या पायावर हात ठेवला. त्यानं डोळे मिटले, मग एक उघडला.

"झाली काय गं गाडी?"

नमितानं स्क्रीनकडं बघितलं. घरी जायला पुरून उरेल एवढी केव्हाच झाली होती.

"नाय अजून," ती बोलली. "झोप."